आंब्याच्या खोक्यांची मांडणी

“मुंबईत माणसांच्या चाळी, आणि आमचा चारू बांधतोय लांबड्यांची चाळ! भाडं काय घेणार रे, उंदीर?”

मित्रांनो, आप्पांचा हा आवाज मी घडत असतानाच ऐकला. मी एक जुनी मांडणी आहे, साप ठेवायची.

रत्नागिरीजवळच्या एका घरात, शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात, आप्पांच्या मुलानं, चारुदत्तनं, मला बांधलं. तो शाळेत विज्ञान शिकवी. कुठं साप निघाला की काठ्या पडण्याआधी उचलून आणी, जखम भरेपर्यंत सांभाळी, मग रानात सोडी. आंब्याच्या खोक्यांच्या फळ्या तासून त्यानं माझे कप्पे केले. दर कप्प्यात प्लॅस्टिकचा टप, खणासारखा ओढायचा. टपाला झाकण नाही. वरची फळी हेच झाकण.

“उमा, फटीत करंगळी जाते का बघ.”

“तुमचीच घाला. मला माझी हवी आहे,” त्याची बायको हसली.

वाळवी लागू नये म्हणून आपल्याकडे दारांना, होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात. ओलं असताना ते कातडी भाजतं. चारुदत्तनं मला ते लावून उन्हात खडखडीत सुकवलं, तेव्हाच साप ठेवले. एका कुशीत मांडूळ निजे, एका कुशीत कवड्या. कोयता लागलेल्या मांडुळाची जखम भरत आली होती.

पावसाळ्यात चारुदत्त आणि उमा लग्नासाठी राजापूरला गेले. मागे आप्पा तेलाचा डबा घेऊन आले. टप ओढायला ते भ्यायले, म्हणून जागच्या जागीच त्यांनी मला तेल चोपडलं.

“पोरानं एवढं खपून केलंय,” ते पुटपुटले, “वाळवीच्या घशात नको जायला.”

तेल फटींतून टपांत ठिबकलं. आतले जीव तडफडत माझ्या अंगावर आपटू लागले. टप ओढायला मला हात नव्हते, हाक मारायला तोंड नव्हतं.

चारुदत्त परतला तेव्हा सारे निपचित होते. चिकट फळीवरून बोट फिरवत तो म्हणाला, “माझंच तेल कच्चं राहिलं. दमट हवेत सुटलं.”

आप्पा दारात उभे होते. तिथूनच ते मागे वळले. मला ठाऊक होतं, आणि मी लाकूड होते.

त्यानंतर चारुदत्तनं सापाला हात लावला नाही. माझ्या कप्प्यांत नारळ आले, सुंभ आलं. वाडीत काठ्यांचे आवाज येत, आणि तो खिडकी लावून घेई.

मित्रांनो, दुसऱ्याच्या वस्तूची काळजी जरूर घ्या, पण त्याला विचारून घ्या. आणि चुकलंच काही, तर लवकर सांगा.

एका संध्याकाळी शेजारचा बाबल्या धापा टाकत आला. “मास्तर, बेगीन चला! चुलीमागं लांबडं निघालंय, लोक काठ्या घेऊन उभे हायत.”

“मला नको बोलावू, बाबल्या. माझ्या हातात जनावर जगत नाही.”

आप्पा उठले. आधारासाठी त्यांनी माझी फळी धरली.

“चारू, तू जा. तुझं तेल सुकलं होतं रे. तू राजापूरला असताना तेलाचा दुसरा हात मी दिला.”