उलोफची रंगपेटी, मुक्काम गौलीगुडा

मी पेटी बोलतेय. लगेच सूर धरू नका, मी वाजवायची पेटी नाही. रंगांची आहे. पाइनच्या लाकडाची, हाताभर लांब. जन्म स्वीडनचा, सध्या वस्ती हैदराबादला, गौलीगुड्यात, दत्तोबा पेंटरच्या खाटेखाली. वय पावणेदोनशेच्या आसपास. बाईला वय विचारू नये म्हणतात, पण मीच सांगतेय, कारण मिरवायला माझ्यापाशी दुसरं फारसं काही नाही.

मला घडवलं एका सुताराने, आपल्या मुलासाठी. मुलाचं नाव उलोफ. बापाला वाटलं होतं, पोरगा पुढे रंधा धरील. पण उलोफने केलेलं स्टूल तीन पायांवर उभं राही आणि चौथा पाय शोभेला हवेत असे. शेवटी बाप म्हणाला, "तुला जोडता येत नाही. निदान झाकायला शीक." आणि त्याला एका रंगाऱ्याकडे धाडलं. नक्षीकाम करणाऱ्या चित्रकाराच्या कारकिर्दीची याहून प्रामाणिक सुरुवात मी ऐकलेली नाही.

त्यांच्या मुलखात हिवाळा सहा महिन्यांचा. बाहेर बर्फ, आत अंधार, आणि घरातली माणसं एकमेकांची तोंडं बघून विटलेली. म्हणून शेतकरी भिंती रंगवून घेत. उलोफ मला पाठीला बांधून गावोगाव हिंडे. जेवण, अंथरूण आणि एक कोरी भिंत मिळाली की स्वारी खूश. भिंतीवर काढायच्या बायबलातल्या गोष्टी, पण यरुशलेम त्याने पाहिलंय कुठे? त्याचे राजे गुडघ्यापर्यंत बूट घालत, राण्या पोस्टमास्तरच्या बायकोसारख्या दिसत. जागा उरली की तिथे परातीएवढाली फुलं. "अशी फुलं कुठे येतात?" असं कुणी विचारलं तर तो ठोकून देई, "दक्षिणेला." दक्षिणेला मी येऊन पाहिलं. येत नाहीत.

एक गोष्ट त्याला जन्मात जमली नाही, ती म्हणजे माणसाचा हात. बोटं काढायला गेला की मुळ्यांची जुडी होई. माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने नवरानवरी काढली, तेव्हा दोघांचेही हात पाठीमागे नेऊन ठेवले आणि खाली आपल्या भाषेत एक ओळ लिहिली.

एका गावात त्याने नरक काढला. पापी लोकांच्या रांगेत सगळ्यांत पुढे तिथले धर्मगुरू. बातमी लागल्यावर धर्मगुरू स्वतः बघायला आले. घरच्या बाईने भिंतीकडे पाठ केली आणि चुलीत उगाच लाकडं सारत बसली. गुरुजी भिंतीच्या अगदी जवळ गेले. मग म्हणाले, "माझं नाक एवढं मोठं नाही." उलोफने नाक कमी केलं. नरक तसाच राहिला.

त्याच गावात ब्रीता भेटली. तिच्या बापाची भिंत चार दिवसांची, उलोफने ती तीन आठवडे पुरवली. शेवटी ब्रीताच म्हणाली, "आता एका पाकळीलासुद्धा जागा उरली नाही. काय विचारायचंय ते विचार."

लग्नानंतर ती त्याला स्टॉकहोमला घेऊन गेली. शहरातल्या बड्या लोकांची तऱ्हा निराळी. खांब लाकडाचे उभारायचे आणि ते संगमरवरी दिसावेत म्हणायचं. उलोफ पक्ष्याच्या पिसाने अशा करड्या शिरा ओढी की पाहुणे खांबाला हात लावून "इटलीहून आणला का?" म्हणत. यजमान नुसते हसत. बापाचं म्हणणं पोराने किती मनावर घेतलं होतं पाहा. ते त्याचे सुखाचे दिवस. छतावर ढग, ढगांत गुटगुटीत देवदूत, आणि सगळ्या देवदूतांचे हात ढगांत कोपरापर्यंत बुडालेले.

मग कागद आला. छापील नक्षीचा. गुंडाळी उलगडायची, खळ फासायची, भिंतीला चिकटवायची. ज्या दिवाणखान्यावर उलोफने अख्खा उन्हाळा घातला होता, त्याच्या मालकाने त्यालाच बोलावून घेतलं. "यावर कागद लावून द्या. तुमचं काम सफाईदार असतं." मी त्या दिवशी त्याच्या पायाशी होते. माझ्या पोटात रंग नव्हता, खळीचा डबा होता. एकही सुरकुती पडू न देता त्याने दोन दिवसांत आपला उन्हाळा झाकून टाकला.

तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःचं स्वयंपाकघर रंगवायला काढलं. भिंती झाल्या, कपाटं झाली, खुर्च्या झाल्या, पातेल्यांची झाकणं झाली. ब्रीता म्हणाली, "एक खुर्ची तरी साधी ठेव. मला बसायचा धीर होत नाही, फुलं चुरगळतील." तेवढी एक त्याने ठेवली. त्या स्वयंपाकघरात तो म्हातारा झाला आणि तिथेच गेला. कुठल्या पुस्तकात त्याचं नाव नाही. धर्मगुरूंचं आहे म्हणतात.

त्याची नात नर्स होऊन इकडच्या एका मिशनच्या इस्पितळात आली. तिच्यासोबत मी. बरीच वर्षं मी बँडेज आणि आयोडीन सांभाळलं आणि रोग्यांच्या बोटांवरचे काप पाहिले. पुढे इस्पितळाने अडगळ काढली तेव्हा जुन्या सामानाच्या जुमेरात बाजारात मला नामदेवरावांनी उचललं. ते गौलीगुड्यात दुकानांचे बोर्ड रंगवत. त्यांच्यामागे दत्तोबा, त्यांचा मुलगा. मराठी घरातला माणूस, पण ब्रशाला लिप्या चार. तेलुगू गोल, इंग्रजी ताठ, मराठी घरची. उर्दू त्याला वाचता येत नसे, तरी त्याने दिलेला नुक्त्याचा ठिपका कुणी चुकीचा म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मग फ्लेक्स आला. दत्तोबाचं काम थांबलं. "फ्लेक्सने खाल्लं आमाला," असं तो चहाच्या हॉटेलात सगळ्यांना सांगे. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं मला ठाऊक होतं. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरत होता. घरात कुणाला कळू नये म्हणून तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरी.

यंदा दिवाळीच्या आधी मृण्मयी आली. मूळची पुण्याची, हायटेक सिटीत नोकरीला. जुनी लाकडी पेटी शोधत होती, चहाच्या हॉटेलात कुणीतरी दत्तोबाचं नाव सांगितलं. "नवीन फ्लॅट आम्ही स्कँडिनेव्हियन स्टाइलने करतोय, काका," तिने सांगितलं. आमच्याकडचं नाव ऐकून मी कान टवकारले. तिने फोनवर फोटो दाखवले. पांढरी भिंत, पांढरा सोफा, कोपऱ्यात एक कुंडी. मला वाटलं, पुन्हा इस्पितळ.

मी तिला आवडले. "फक्त हे रंग घासून काढाल का? आतलं लाकूड दिसायला हवं."

"हौ, काढतो," दत्तोबा म्हणाला. "पण खाली काय नाही ताई. नुसतं लाकूड."

"तेच तर स्कँडिनेव्हियन."

स्वीडिश भाषेत शिव्या फार नाहीत. होत्या तेवढ्या मी दिल्या. दत्तोबाने पॉलिश पेपर घेतला, झाकण उघडलं आणि नवरदेवाच्या टोपीवरून पहिला हात फिरवला. टोपी गेली. तेवढ्यात मृण्मयीला खालची ओळ दिसली. "थांबा. हे काय लिहिलंय?" तिने ओळीवर फोन धरला, थोडा मागेपुढे केला आणि हळूहळू वाचलं, "'हात नीट येत नाहीत, म्हणून लपवले. उलोफ.' काका, ही पेटी स्वीडनची आहे."

दत्तोबाने पॉलिश पेपर खाली ठेवला. "चाळीस वर्षं बघतो ही ओळ. मला वाटलं कंपनीचं नाव असंल."

मग नवरानवरीच्या दंडांवरून त्याने बोट पाठीपर्यंत नेलं. नंतर आपला उजवा हात तिच्यापुढे धरला. हात हलत होता. "माझा बी नीट येत नाही ताई. लोकांना फ्लेक्सचं सांगतो."

मृण्मयीने सल्ला दिला नाही. पुण्याची असूनही. झाकण मिटत म्हणाली, "पेटी राहू द्या. माझी एक भिंत रंगवाल?"

"हात बघितला ना?"

"बघितला."

दत्तोबा मला घेऊन गेला. पांढऱ्या भिंतीवर वेल काढायला घेतली आणि पहिलीच रेष हिंदकळली. त्याने ब्रश माझ्यात ठेवला, बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मृण्मयीने चहा नेऊन दिला, तो निवला. मला वाटलं, आता हा मला उचलून घरी चालणार. पण तो आत आला, त्या रेषेजवळ चष्मा नेला आणि जिथे जिथे ती हलली होती, तिथे तिथे एकेक पान लावलं. मग फांदी. मग आणखी रेष, मुद्दाम न सावरलेली. अकरा दिवस काम चाललं. फुलं परातीएवढी झाली.

मृण्मयीचा नवरा रितेश टूरवरून परतला तो बॅग हातात धरूनच भिंतीसमोर थबकला. "हे पान वाकडं का आहे?"

"झाड आहे साहेब," दत्तोबा म्हणाला. "पाइप नाही."

रितेश पांढऱ्या सोफ्यावर बसला. बूट काढता काढता म्हणाला, "तिथे वर एक पक्षी बसेल का?"

काल बरकतपुऱ्याच्या इंदुमतीबाई गौलीगुड्यात आल्या. रिटायर्ड टीचर, मृण्मयीकडची भिंत पाहून आलेल्या. नातीच्या खोलीत तसंच काही हवं म्हणाल्या. दत्तोबाने भिंत केवढी, रंग कुठला, काही विचारलं नाही. आधी उजवा हात त्यांच्यासमोर धरला.

"बाई, हात हलतो. आधीच सांगून ठेवतो."

इंदुमतीबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "माझी मान हलते. सोमवारी या."

उद्या सोमवार. ब्रश धुऊन झालेत, माझं पोट भरलंय. माझं एवढंच मागणं, कोरी भिंत असेल तर आम्हाला बोलवा आणि पॉलिश पेपर घरात असेल तर तो आधी लांब ठेवा. नवरदेवाची टोपी गेलीच, आता फक्त डोकं उरलंय.