अकरा क्रमांकाच्या अँटेनाचे दार

अकरा मार्चला, मंगळवारी, दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी अकरा क्रमांकाची अँटेना हलू लागली आणि दोन सेकंदांत थांबली. तिच्या जाळीदार थाळीच्या काठावर माणूस होता. थांबण्याचा निरोप माझ्या क्रमांकावरून आला. मित्रांनो, तो मी पाठवलेला नाही.

मी एक जुना नियंत्रण-डबा आहे. हिवरवाडीच्या माळावर आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या अठरा अँटेना आहेत. त्यांतल्या अकराव्या अँटेनाच्या पायथ्याच्या खोलीत मी एकतीस वर्षे होतो. इथल्याच कार्यशाळेत माझी एकेक तार हाताने डाख देऊन जोडली गेली. माझी कुरकुर आकाशातून येणाऱ्या आवाजात मिसळू नये म्हणून मला तांब्याच्या जाळीत गुंडाळले होते. नियंत्रण कक्ष दर सेकंदाला मला विचारी आणि मी माझा क्रमांक लावून उत्तर देई: वारा किती, थाळी कुठे वळली आहे, ब्रेक लागला आहे का, दार उघडे आहे का.

दाराची गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती. दुरुस्तीसाठी वर चढणारा माणूस पायथ्याचे दार मुद्दाम उघडे टाकून जाई. नियंत्रण कक्षात ‘दार उघडे’ दिसले की ऑपरेटर सुनंदा औटी त्या अँटेनाला हात लावत नसत. तरी खात्रीसाठी फोन करीत.

“मामा, वर आहात का?”

“नाही, सासुरवाडीला आलोय! दार उघडं दिसत नाही का, बाई?” हे तुकाराम वायाळ. थाळीची जाळी तेच शिवत. सगळे त्यांना मामा म्हणत.

यंदा नवी यंत्रणा आली. तिचे काम पुण्याच्या इरावती मॅडमकडे होते. त्यांनी माझ्या चौसष्ट तारांची यादी केली आणि प्रत्येक तार कशाची ते विचारले. औटीबाई त्या आठवड्यात रजेवर होत्या.

“दार उघडं राहिलं तर काय होतं?” मॅडमनी विचारले.

“काय होणार? कुत्री येऊन बसतात सावलीला,” रखवालदार म्हणाला. सगळे हसले. वर चढणाऱ्यांपैकी तिथे कोणी नव्हते. दाराची तार यादीतून गेली.

दहा मार्चला माझ्या तारा कापल्या. मला नियंत्रण कक्षात आणून मॅडमच्या टेबलावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी वायाळमामा नेहमीसारखे दार उघडे टाकून वर गेले. काठाची जाळी फाटली होती. ते एक पाय शिडीवर आणि एक पाय थाळीत ठेवून बसले होते. दोनला वारा वाढला. वारा वाढला की थाळी आपोआप आकाशाकडे सरळ करायची, असे नव्या यंत्रणेला शिकवलेले होते. तिने तसा आदेश दिला. थाळी उठू लागली आणि थांबली. पडद्यावर एक ओळ आली: ‘अँटेना ११. दार उघडे. हलवू नका.’ खाली माझा क्रमांक होता.

औटीबाईंनी फोन उचलला. “मामा! वर आहात का?”

वाऱ्याच्या आवाजातून मामा म्हणाले, “आहे. पाय काढू दे आधी.”

इरावती मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला वीज नव्हती. तारांची टोके टेबलाच्या कडेवरून लोंबत होती. त्यांनी ती एकेक करून मोजली. संध्याकाळी त्या स्वतः अकराच्या खोलीत गेल्या. भिंतीतून निघालेली जुनी केबल कापलेलीच होती, तोंडाला टोपी होती.

“डबा बोलला म्हणायचं,” मामा म्हणाले.

“मामा, थट्टा नको.”

“थट्टा कोण करतंय? थाळीत पाय माझा होता.”

चार दिवसांत दाराची तार नव्या यंत्रणेला जोडली गेली. दाराचा नियम लिहून अठराही खोल्यांत चिकटवला. मला फळीवर ठेवले आहे. येता-जाता मामा माझ्यावरची धूळ पुसतात. मित्रांनो, जुनी वस्तू काढायची तर जरूर काढा. तिच्या भरवशावर कोण वर चढते, एवढे मात्र आधी विचारा. आणि ते चढणाऱ्यालाच विचारा.

काल, शनिवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या क्रमांकावरून तोच निरोप पुन्हा आला. नवी तार सांगत होती, दार बंद आहे. रखवालदार बघून आला. कुलूप जागेवर होते. वर चढायची परवानगी कोणालाही दिलेली नव्हती. हातातल्या साध्या दुर्बिणीतून थाळी दोनदा पाहिली, रिकामी होती. मामा अँटेनाखाली उभे राहून हाका मारून आले.

“वर जाऊन बघता?” मॅडमनी विचारले.

“मी जाणार नाही,” मामा म्हणाले. “आणि तुम्ही ती हलवायचीही नाही.”

औटीबाईंनी की-बोर्डवरचा हात काढून घेतला.

आज दुपारी चारपर्यंत ती ओळ पडद्यावर आहे. सतरा अँटेना ठरलेल्या ताऱ्याकडे वळल्या आहेत. अकरा क्रमांकाची कोणी हलवलेली नाही.