दोन फुलं जास्तीची

मी एक ओळ बोलतेय. *99***1# अशी लिहायची ओळ. आता मला कुणी ओळखत नाही, त्यात नवल नाही. मोबाइल केबलने कंप्युटरला जोडायचा आणि त्यातून इंटरनेट आणायचं, असा एक काळ होता. तेव्हा कंप्युटरच्या चौकटीत मला टाकल्याशिवाय पान हलत नव्हतं. म्हणायला मी फोन नंबर, पण मला लावून कुणी कधी 'हॅलो' म्हणालं नाही. माझ्या पलीकडे माणूस नव्हताच. मी नुसतं दार. दाराशी कोण बोलतं? उघडलं की माणसं पुढे जातात.

मला त्या घरात मोबाइल दुकानवाल्याने आणलं. घर म्हणजे एक खोली. खिडकीशी शाळेचे गणवेश शिवणारी बाई, तिची दोन शिवणयंत्रं आणि कोपऱ्यात जुना कंप्युटर. एक मशीन बाईचं, दुसरं तिच्या मुलीचं. मुलगी परदेशात एका म्हातारीची सेवा करायला जाणार होती. जाण्याआधी तिने आईला पत्र टाइप करायला शिकवलं, इंग्रजी अक्षरांत मराठी.

"फोन करशील की तू," बाई म्हणाली.

"करीन. पण फोनवर आपण भांडतो. लिहिलंस तर निदान माझं वाचून तरी होईल."

दुकानवाल्याने टेबलावरचा शिवणाचा खडू उचलला आणि मला भिंतीवर लिहून ठेवलं. "मावशी, कंप्युटरमध्ये टाकलाय नंबर. कधी पुसला गेला तर हा बघून टाका. आणि जसाच्या तसा टाका बरं का."

"मला काय वेड लागलंय मनाचं टाकायला?" बाई म्हणाली.

मुलगी गेली. तिचं मशीन बाईने तेल घालून, चादर टाकून ठेवलं. कुणी मागायला आलं तर म्हणायची, "विकायचं नाही. पोरीचं आहे." मुलीला ती ठमी म्हणायची. ठमीचं पत्र आलं की फोनची केबल खोचायची, जोडणीचं बटण दाबायचं आणि चष्मा कपाळावरून खाली ओढायचा. मी दार उघडून द्यायची.

भिंतीवरचा खडू टिकेना. कोपर लागलं की माझी शेपटी गेलीच. मग बाईने ठरवलं, खडू पुसतो, टाका पुसत नाही. कंप्युटरसाठी निळ्या कापडाचं झाकण शिवत होतीच, त्यावर तिने मला लाल दोऱ्याने भरलं. स्टारच्या जागी पाकळ्यांची फुलं काढली, शेवटी हॅशची जाळी.

शेजारची इस्त्रीवाली बघून हसली. "अगं, नंबर कुणी भरतकामात काढतं का?"

"तू नवऱ्याचं नाव हातावर गोंदवलंस ते? हा निदान हाक मारली की ओ देतो."

भरून झाल्यावर बाईने कापड लांब धरलं, मान तिरकी केली. नव्याण्णवच्या उजव्या अंगाला तीन फुलं, डाव्या अंगाला एकच. नक्षी लंगडी. आयुष्यभर दोन बाह्या सारख्या, दोन खिसे सारखे शिवणाऱ्या हाताला ते कसं चालावं? तिने डावीकडे आणखी दोन फुलं भरली. मी सुंदर दिसायला लागले आणि निकामी झाले.

तेव्हा कळलं कुणालाच नाही. कंप्युटरच्या पोटात खरी ओळ होती, दार उघडत होतं. पुढे खोलीला चुना मारला, भिंतीवरची मीही गेले.

मग ठमीचं एक पत्र आलं. म्हातारीच्या घरचे आणखी काही वर्षांचा करार करायला सांगत होते. "सोमवारी सकाळी सही मागतील. मी मोडून आले तर चालेल का तुला? की राहू? तू सांगशील ते. तू काहीच लिहिलं नाहीस तर राहा म्हणतेस असं समजेन." तिथला फोन नंबर बाईकडे नव्हता, ठमीच बूथवरून करायची. म्हणजे उत्तर लिहूनच द्यायला हवं होतं.

बाई उत्तर लिहीना. शिवायची, उसवायची. इस्त्रीवालीला म्हणाली, "ये म्हणावं तर स्वार्थी ठरते. राहा म्हणावं तर जीभ रेटत नाही."

त्यातच कंप्युटर बंद पडला. दुकानवाल्याने नेऊन, आतलं सगळं पुसून, रविवारी सकाळी परत आणून ठेवला. "घाईत आहे मावशी, गावाला निघालोय. नंबर तुमच्याकडे आहेच, तेवढा टाका."

दुपारी बाईने दार लोटून घेतलं. आधी एका बोटाने उत्तर टाइप केलं. तेवढंसं लिहायला किती वेळ लागला. "ठमे, परत ये. तुझं मशीन झाकूनच ठेवलंय." मग केबल खोचली, झाकण मांडीवर पसरलं आणि मला बघून एकेक कळ दाबली. डावीकडची तिन्ही फुलं, नव्याण्णव, उजवीकडची तीन, एक, जाळी. अगदी जसंच्या तसं.

जोडणी झाली नाही. परत टाकलं. परत नाही. तिने केबल काढून फुंकली, फोन बंद करून चालू केला, खिडकीत धरला. मला बोटाने टाक्याटाक्याला चाचपलं. मी ओरडून सांगितलं असतं, बाई, ती दोन फुलं सोड. पण दोऱ्याला तोंड कुठे असतं? दिवे लागले तरी ती बसलेलीच होती. दुकानाला कुलूप होतं.

दुकानवाला परतला तेव्हा सोमवार उलटून गेला होता. झाकण बघून म्हणाला, "मावशी, ही इकडची दोन कशाला काढलीत?" बाईने कापड त्याच्या हातातून ओढून घेतलं. त्याने दार उघडून दिलं तेव्हा पलीकडे ठमीचं पत्र येऊन पडलं होतं. "सही केली. तुझं बरोबर असेल."

बाईने आपलं उत्तर पाठवलं नाही. "सही करून बसलेल्या पोरीला आता ये म्हणून जाळायचं का?" एवढंच म्हणाली. पुढे कंप्युटर भंगारात गेला, त्याच्याबरोबर ते उत्तरही गेलं. मला मात्र तिने धुतलं, इस्त्री केली आणि ठमीच्या मशीनवर घातलं. एका करारामागून दुसरा झाला. आता फोनमध्येच चेहरा दिसतो, दाराला ओळ लागत नाही. खोलीत रोज एकच मशीन वाजतं. मी दुसऱ्यावर बसून ऐकते.

परवा ठमी सुट्टीवर आली. केस पिकायला लागलेत. तिने माझ्यावर हात फिरवला आणि थांबली.

"आई, हा तो नंबर ना? ही दोन फुलं कुठली?"

"नक्षी लंगडी दिसत होती."

ठमीने डावीकडची फुलं बोटाने मोजली. मग म्हणाली, "सहीच्या आदल्या दिवशी, त्या रविवारी, तू हे बघून टाकलंस?"

"सुई ओव आधी. मला दिसत नाही आता."

तिने सुई ओवून दिली. "काय लिहिलं होतंस, आई?"

बाईने पायाने मशीन चालू केलं. मान वर न करता म्हणाली, "इतकी वर्षं कुणाचं मशीन झाकून ठेवलंय, ते बघ की. कापड कापून झाल्यावर माप काय विचारतेस?"

ठमीने टाके काढायची उसवणी घेतली आणि जास्तीच्या फुलावर टेकवली. मग बाजूला ठेवली. मला काढलं, घडी करून स्टुलावर ठेवलं, आणि गणवेशाच्या ढिगातून एक बाही उचलून आपल्या मशीनवर बसली. चाक आधी कुरकुरलं. मग दोन्ही मशीनं वाजायला लागली.

मी स्टुलावर पडून ऐकतेय. तिची बॅग दाराशी अजून उघडलेली नाही. ती राहील की जाईल, मला ठाऊक नाही. मी दार होते, माणसांना बांधून ठेवणं माझं काम नव्हे. तुमच्या घरी कुणाला 'ये' म्हणायचं राहिलं असेल तर म्हणून टाका, नक्षी मागून जुळवा. आणि माझी एक विनवणी ऐका. मला पायपुसणं करा, मशीन पुसायची चिंधी करा. फक्त परत त्या मशीनवर घालू नका.