जिभेखालचा उजेड

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. पहारेकऱ्याच्या हातात असते तशी लांबलचक नव्हे. मी बोटाएवढी जाड आणि पेनाएवढी लांब आहे, आणि खिशाला अडकवण्यासाठी माझ्या पाठीवर पत्र्याची एक पट्टी आहे. कारखान्यात आम्ही एका खोक्यात पन्नास जणी होतो. प्रत्येकीला एकदा लावून पाहिले, विझवले आणि पाठवून दिले. बाकीच्या कुठे गेल्या ते मला ठाऊक नाही. मी एका नर्सच्या पांढऱ्या खिशात गेले. त्यांना सगळे सिस्टर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

सिस्टर व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर होत्या. तिथे दोन रांगा लागत. एका रांगेत दारू सोडणारी माणसे असत. पिण्याची ओढ कमी करणारी गोळी ती पाण्याबरोबर गिळत आणि आपापल्या कामाला जात. त्यांचा माझ्याशी संबंध नसे. माझे काम दुसऱ्या रांगेत. तिथे उभ्या असलेल्यांना दुखण्यावरच्या जालीम गोळ्यांची किंवा गर्दच्या नशेची सवय जडलेली असे. त्यांना एक छोटी पांढरी गोळी जिभेखाली ठेवायला देत. ती गिळायची नाही, चघळायची नाही आणि विरघळेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. दहा मिनिटांनी सिस्टर मला काढत आणि म्हणत, "आ करा. जीभ वर. आता गाल दाखवा."

मी उजेड पाडायचा आणि सिस्टरांनी पाहायचे. कोणी गोळी न विरघळवता बाहेर नेली तर ती भलत्याच हाती पडे, आणि जिला तिची गरज ती व्यक्ती कोरडीच राही. मी जेवढी तोंडे आतून पाहिली तेवढी एखाद्या दातांच्या डॉक्टरनेही पाहिली नसतील. सिस्टर मला लाडाने "माझा तिसरा डोळा" म्हणत. तेव्हा मी उगाचच थोडी जास्त उजळत असे.

एका सोमवारी सकाळी दोन बहिणी आल्या. थोरली शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. धाकटी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. तिला घरात बारकी म्हणत, आणि ती होतीही तशीच. ओल्या चादरींचे गाठोडे उचलताना तिची कंबर धरली होती. त्यासाठी कोणीतरी गोळ्या लिहून दिल्या. कंबर राहिली बाजूला, गोळ्याच मानगुटीवर बसल्या. दोन वर्षांत ती एकाच्या जागी आठ-आठ घेऊ लागली होती.

डॉक्टरांनी तिला आदल्या दिवसापासून काहीही न घेता यायला सांगितले होते. जुनी गोळी अंगात असताना नवी दिली तर त्रास एकदम उसळतो. म्हणून त्रास पुरेसा सुरू होईपर्यंत थांबणे भाग होते. बारकी बाकावर बसून कुडकुडत होती. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होते आणि हातांवर काटा उभा राहिला होता. सिस्टरांनी माझा उजेड तिच्या डोळ्यांत टाकला. बाहुल्या बशीसारख्या पसरल्या होत्या.

"अजून अर्धा तास," सिस्टर म्हणाल्या.

"अर्धा तास?" बारकी ताडकन उठली. "मरू दे ते औषध. मी चालले."

थोरली दारात जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात चौकटीला टेकवले. "जा ना. माझ्या अंगावरून जा."

"ताई, सरक. तुला नाही कळायचं."

"नाही कळत. तरी नाही सरकणार."

दोघी एकमेकींकडे बघत किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. शेवटी बारकीच तिथे खाली बसली. अर्ध्या तासाने गोळी तिच्या जिभेखाली गेली. पाऊण तासाने तिने पहिल्यांदा मान वर केली आणि विचारले, "इथे चहा मिळतो का हो?" थोरली तोंड फिरवून रडली.

पुढचे सहा महिने बरे गेले. बारकी कामावर रुजू झाली. तिचे गाल भरले. मग तिला आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायला मिळू लागल्या. दर सोमवारी एक गोळी खिडकीसमोर घ्यायची आणि बाकीच्या डबीत घालून न्यायच्या.

याच काळात माझे दिवस फिरले. माझ्यातले सेल उतरू लागले होते. माझा उजेड आधी पिवळा झाला, मग मातकट. नवे सेल मागायचे तर भांडारातल्या कारकुनाला अर्ज द्यावा लागे, आणि तो कधी जागेवर नसे. "उद्या बघते," असे सिस्टर म्हणत. रांग मोठी असे आणि उद्या काही येत नसे. मग त्या मला तळहातावर आपटत. त्या धक्क्याने मी क्षणभर लागायची आणि पुन्हा मंदावायची.

एक सोमवार मला विसरता येत नाही. बारकीने आ केला आणि जीभ वर केली. जिभेखाली काही नव्हते. पण मी तिच्या तोंडात होते, मित्रांनो, आणि मी पाहिले. वरच्या दाढेमागे, गालाच्या घडीत, एक पांढरा ठिपका होता. माझा उजेड तिथपर्यंत जेमतेम पोचला. सिस्टरांच्या डोळ्यांपर्यंत तो परत आलाच नाही.

"ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या. "पुढे."

बारकीने रुमाल तोंडाला लावला आणि ती निघून गेली. मला ओरडता आले असते तर मी दवाखाना डोक्यावर घेतला असता. पुढच्या सोमवारी तेच झाले. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या सोमवारी ती आली तेव्हा थोरलीने तिला दंडाला धरले होते. बारकी बाकावर बसताच भिंतीला डोके टेकून झोपली. दहा वाजले होते आणि खिडकीसमोर गर्दी होती. थोड्या वेळाने ती घोरू लागली. ते घोरणे साधे नव्हते. घशात पाणी अडकावे तसा खरखर आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा खरखर.

"झोपू द्या तिला," थोरली म्हणाली. "आठ रात्री डोळ्याला डोळा नाही लागलाय तिचा."

सिस्टरांच्या हातातली गोळ्यांची पट्टी तिथेच थांबली. त्यांनी खिडकीतून वाकून पाहिले आणि त्या दार उघडून धावतच बाहेर आल्या. त्यांनी बारकीचे खांदे गदागदा हलवले. हाका मारल्या. तिने ओ दिली नाही. तिचे ओठ निळसर झाले होते. सिस्टरांनी तिची पापणी वर केली आणि माझे बटण दाबले.

मी लागले नाही.

सिस्टरांनी मला भिंतीवर आपटले. आत कुठेतरी काही जुळले आणि मी लागले. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती, आणि उजेडाने ती हललीही नाही.

"अँब्युलन्स बोलवा! डॉक्टरांना खाली बोलवा!" सिस्टर ओरडल्या. त्यांनी बारकीला जमिनीवर आडवे केले. मी त्यांच्या हातातून सुटून फरशीवर घरंगळले, आणि तिथून बारकीचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता. सिस्टरांनी तिच्या नाकात गोळ्यांच्या नशेवर उतारा असलेला एक फवारा मारला आणि श्वास द्यायची रबरी पिशवी तिच्या तोंडावर घट्ट बसवली.

"मोठ्या ताई, इकडे या. काय घेतलंय हिने? खरं सांगा, आत्ता."

"काही नाही हो. देवाशपथ काही नाही. आम्ही तर गोळ्या बंद केल्या..."

"कधी?"

"झाले तीन आठवडे. हळूहळू, कापून कापून."

"आम्ही म्हणजे कोण?"

थोरली बारकीशेजारी गुडघ्यावर बसली. "मी. लाँड्रीतल्या बायका बोलायला लागल्या. एक सोडली नि दुसरी धरली, म्हणाल्या. आई गेल्यापासून मी वाढवलंय हिला. मला वाटलं, एकदाचं सुटू दे सगळं."

"रडू नका. मोजा. मोठ्याने पाचपर्यंत. पाच झाले की मी पिशवी दाबणार. चुकू नका."

"एक. दोन. तीन. चार. पाच."

छाती वर आली, खाली गेली. पुन्हा पाच. पुन्हा. रांगेतला एक गवंडी दार उघडे धरून रस्त्याकडे बघत उभा होता. बाकी कोणी जागचे हलत नव्हते. तीन मिनिटे झाली तरी बारकी स्वतःहून श्वास घेईना. सिस्टरांनी दुसरा फवारा मारला. माझा उजेड विझत चालला होता. मला वाटले, आधी मी जाते की ही जाते.

मग बारकीच्या नाकपुड्या हलल्या. तिने ओरबाडल्यासारखा एक श्वास ओढला. मग दुसरा. सिस्टरांनी पिशवी बाजूला केली, पण थोरली थांबायला तयार नव्हती. "सहा, सात, आठ," ती मोजतच राहिली.

"ताई," बारकी पुटपुटली, "थंडी वाजतेय गं."

थोरलीने अंगावरचा स्वेटर काढून तिच्यावर घातला. तोवर डॉक्टर आले आणि पाठोपाठ अँब्युलन्सही आली. फवाऱ्याचा असर थोडाच वेळ टिकतो, म्हणून बारकीला मोठ्या हॉस्पिटलात न्यावेच लागले. त्याच दुपारी सिस्टरांनी दवाखान्यासमोरच्या दुकानातून माझ्यासाठी नवे सेल आणले.

आठवड्याने दोघी परत आल्या. डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू करायचे ठरवले होते. खरे काय झाले ते त्या दिवशी बाहेर आले. थोरलीच्या सांगण्यावरून बारकी सोमवारची गोळीही तोंडातून रुमालात काढून टाकत होती. गोळी बंद झाल्यावर तिची झोप उडाली, कंबर ठणकू लागली आणि अंगात मुंग्या फिरू लागल्या. शिवणाच्या डब्यात जुन्या गोळ्यांची एक पट्टी राहून गेली होती. त्या सकाळी तिने त्या पूर्वीएवढ्याच घेतल्या. पण तिच्या अंगाला आता तेवढ्या झेपत नव्हत्या.

"सगळी चूक माझी," थोरली म्हणाली.

"माझीही," सिस्टर म्हणाल्या. "तिच्या तोंडातली गोळी मला दिसायला हवी होती."

"मलाही विचारा कोणीतरी," बारकी म्हणाली. "रुमाल माझा होता. ताईला नाही म्हणायची हिंमत नव्हती मला. तुम्हाला सांगायचीही नव्हती."

डॉक्टर म्हणाले, "हे औषध कधी बंद करायचं ते आता एकट्याने कोणी ठरवायचं नाही. आपण बसून ठरवू. कदाचित काही वर्षं घ्यावं लागेल, कदाचित कायम. पण तुम्ही उठून कामाला जाताय, हे मोजायचं."

"आणि लोकांनी विचारलं तर?" थोरलीने हळूच विचारले.

"तर सांग, बारकी कामावर गेलीये," बारकी म्हणाली.

निघताना सिस्टरांनी त्यांना घरी ठेवण्यासाठी नाकातला एक फवारा दिला. तो कसा मारायचा ते थोरलीकडून दोनदा करून घेतले. मग त्यांनी खिशातून मला काढले. "हिलाही न्या," त्या म्हणाल्या. "मला नवी मिळतेय. हिची काच थोडी चिरलीये, पण हिने त्या दिवशी साथ दिली."

तेव्हापासून मी दोघी बहिणींच्या घरी आहे, दाराजवळच्या फळीवर, फवाऱ्याच्या शेजारी. या गोष्टीला दीड वर्ष झाले. समोरच्या खुर्चीत बारकी रोज सकाळी दहा मिनिटे तोंड मिटून बसते. तेवढा वेळ थोरली एकटीच बोलून घेते, आणि बारकीला उलट उत्तर देता येत नाही म्हणून दोघींना हसू येते. माझी मात्र कधी गरज पडलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी एखादे औषध वर्षानुवर्षे घेत असेल. ते कधी सुटणार, असे त्यांना येता-जाता विचारू नका. आज कसे वाटते, ते विचारा. कोणी हाका मारूनही उठत नसेल आणि घशातून खरखर येत असेल, तर झोप समजून गप्प बसू नका. आरडाओरडा करून मोठ्या माणसांना बोलवा. आणि माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू फळीवर पडलेली दिसली, तर अधूनमधून तिचे बटण दाबून पाहा. प्रत्येक वस्तूला वाटते की आपण कोणाच्या तरी उपयोगी पडावे. मीही नेहमी तयार असते, पण रोज सकाळी बारकी चप्पल घालून दाराबाहेर पडते तेव्हा मनात एवढेच म्हणते, की आजही माझी गरज न पडो.