धडकेनंतरची दहा मिनिटं

केरबाची मेंढरं एकशे सदतीस. हा आकडा त्याला कुणी झोपेतनं उठवून विचारला तरी बिनचूक सांगता यायचा. पोरगी अंबिका कितवीपर्यंत शिकली, हे मात्र त्याला दर वेळी तिलाच विचारावं लागे. आणि बायको, बानाबाई, मेली तेव्हा तिचं वय काय होतं असं पोलिसांनी विचारलं, तर "असंल पन्नाशीची" म्हणून त्यानं पोरीकडं बघितलं होतं. ज्याच्या त्याच्या हिशेबाची वही वेगळी असते. केरबाच्या वहीत माणसांचं पान नव्हतं.

पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं तेव्हा कन्नड तालुक्याकडची रानं करपून गेली, आणि केरबानं कळप शहराच्या अंगाला आणला. पाऊस पडो न पडो, शहराचं सांडपाणी काही दुष्काळ पाळत नाही. चिकलठाण्याच्या पुढं नव्या प्लॉटांचे दगड रोवले होते, त्यांच्यामधनं नाल्याकडेनं हिरवळ होती. मेंढरांचा वाडा जालना रोडच्या अलीकडं, हिरवळ पलीकडं. रोज सकाळी सिग्नल लाल झाला की केरबा पुढं, मेंढरं मधी आणि शेपटाला बानाबाई, अशी ही वरात रस्ता ओलांडायची. मोटारवाले शिव्या द्यायचे, मोबाइलवाले फोटो काढायचे.

अशाच एका सकाळी पांढऱ्या मोटारीनं बानाबाईला उडवलं. मोटार सुदर्शनची. त्याचा बाप त्याच भागात प्लॉट विकायचा. सुदर्शननं जबाब दिला की सिग्नल हिरवा होता, मेंढरं आडवी आली आणि बाई त्यांच्यामागं पळाली. कागदावरही तसंच उतरलं. अंबिका शेंद्र्याला एका कंपनीत पॅकिंगवर होती. तिनं तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"म्हंजी आईनंच मोटारीला धडक दिली म्हना की," ती म्हणाली.

चौकातल्या खांबावर कॅमेरा होता. पण सांडू हवालदारानं सांगितलं की तो धरून ठेवतो तीसच दिवस. एकतिसाव्याला नवं जुन्यावर चढतं, मग देव आला तरी काढता येत नाही. त्यातले तेरा दिवस तर सुतकात गेले होते. उरले सतरा. आईच्या कपाळावरची चूक पुसायची तर एवढ्याच दिवसांत.

हनुमानवर, म्हणजे धाकट्या भावावर मेंढरं टाकून केरबाही पोरीबरोबर हिंडायला लागला. आधी ठाण्यात अर्ज. मग तपास करणाऱ्या साहेबांचं पत्र. साहेब बंदोबस्ताला. पत्र मिळालं तर त्यावर जावक नंबर नाही. नंबर पडला तर चौकाचं नाव चुकलेलं. जुन्या नावानं विचारावं तर नव्या यादीत नाही, नव्या नावानं सांगावं तर ठाण्यातल्या कुणाला तो चौक ठाऊक नाही. अंबिकेचे कामावर पाच खाडे झाले. पण केरबा हटत नव्हता. ठाण्याच्या पायरीवर तो असा बसायचा की जसं काही मेंढरंच चारायला आणलीत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, माझी बाना माझ्या मांडीवर गेली. डोकं मांडीवर घेतलं, पानी पाजलं, तर म्हनली, अंबीला जपा. तेवढंच बोलली.

तेराव्याला हे ऐकून बानाबाईचा भाऊ फकिरा, ज्यानं लग्नापासून केरबाशी धड शब्द काढला नव्हता, त्यानं गळ्यात पडून रडून घेतलं होतं. अंबिकेनं तर ते दोन शब्द गाठीला बांधून ठेवले होते. आणि सांगून सांगून इतक्या वेळा झालं होतं, की केरबालाही आता बानाच्या डोक्याचा भार मांडीवर जाणवायला लागला होता.

बाविसाव्या दिवशी सांडू हवालदारानं चहा पिता पिता त्याला धीर दिला. "आजा, काळजी सोड. तो कॅमेरा लई बेरकी. कोन कुठं हुभा, कोनाच्या हातात काय, समदं दावतो. धडकेच्या आधीचंबी आन नंतरचंबी."

"नंतरचं कामून?" केरबानं विचारलं.

हवालदार हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

त्या दिवसापासून केरबाचा उत्साह आटला. एकदा आधार कार्ड वाड्यावर राहिलं. एकदा मेंढराला हगवण लागली. एकदा तर गुडघाच उचलेना. खरं काय घडलं ते त्याला एकट्याला ठाऊक होतं, असं तो इतके दिवस धरून चालला होता. खांबावर एक डोळा होता, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. मनातल्या मनात तो दिवस मोजायला लागला: सव्वीस झाले, सत्तावीस झाले. एकतिसावा उजाडला की बानाची चूक कागदावर कायमची राहणार होती, आणि मांडीची गोष्टही. बाना गेली ती गेली, असं त्यानं स्वतःला समजावून पाहिलं. पण अंबिका कुणाची पोर? अठ्ठाविसाव्या दिवशी तिनं सगळे शिक्के गोळा केले आणि बापाला रिक्षात घालून कॅमेऱ्यांच्या ऑफिसात नेलं.

तिथं तनुजा म्हणून मॅडम होत्या. त्यांनी अर्ज वाचला, वेळ विचारली. केरबानं खाकरून घसा साफ केला.

"धडक बसंस्तोवरचंच द्या मॅडम. फुडचं काय कामाचं नाय."

बाजारात एखादं दुखरं मेंढरू विकताना तो चांगली बाजू पुढं करायचा, तसंच त्यानं हे मांडलं. मॅडम म्हणाल्या की तसं तोडून देता येत नाही. आधीची दहा मिनिटं, नंतरची दहा, सलग. तुकडा नेला तर कोर्टात समोरचा वकील म्हणेल कापाकापी केली. शिवाय इथं बसून पूर्ण बघायचं आणि मगच मिळाल्याची सही करायची.

अंबिका वळली. "फुडचं कामून नको आबा?"

"आईला तसं पडलेलं बगवंल का तुला?"

पोरीचे डोळे भरून आले. बापाला इतकी माया असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"बगीन मी. तुमी हुते ना तिच्यापाशी."

पडद्यावर चौक आला. आवाज नव्हता. कोपऱ्यात घड्याळ. सात वाजून चौदा मिनिटांनी सिग्नल लाल झाला, मोटारी थांबल्या, आणि मेंढरांचा लोंढा रस्त्यावर उतरला. पुढं फेटेवाला केरबा. शेवटी बानाबाई, एका हातात काठी, दुसऱ्या काखेत पदराखाली दोन दिवसांचं कोकरू. कळप पार झाला. ती मधोमध असताना डावीकडनं, थांबलेल्या रिक्षाला घासून, पांढरी मोटार निघाली.

अंबिकेनं तोंडावर हात दाबला. मॅडमनी चित्र थांबवलं, मागं घेतलं, पुन्हा दाखवलं. सिग्नल लाल. काही शंकाच नाही, त्या म्हणाल्या, बाईंची काडीची चूक नाही.

केरबा उठलाच. "झालं. चल अंबे."

"बसा आजोबा," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण बघायचं."

चित्र पुढं सरकलं. रिक्षातनं दाढीवाला म्हातारा रिक्षावाला उतरला, धावत गेला, खाली बसला. त्यानं बानाबाईचं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी पाण्याची बाटली दिली. ती त्यानं तिच्या तोंडाला लावली. वाकून तिच्या तोंडाशी कान नेला, मान हलवली.

पलीकडं केरबा उभा होता. त्यानं वळून बायकोकडं बघितलं. मग त्याचा हात वर आला आणि बोटं हलायला लागली, जोडी, जोडी, जोडी. रस्ता ओलांडला की आधी मोजायचं, मग पाणी प्यायचं, हे त्याच्या बापानं त्याला काठीनं शिकवलेलं. बाप मेला होता, काठी मोडली होती, हात मात्र शिकलेलाच होता.

"हे काय करतायत?" मॅडमनी विचारलं.

"मोजतायत," अंबिका म्हणाली.

मोजणं संपलं. केरबा थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. एक कमी भरत होतं. घड्याळात सात वीस झाले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आणि तो रस्त्यात शिरला, गर्दी सारत बायकोपाशी गेला. अंबिका खुर्चीच्या कडेला आली. पडद्यावरचा केरबा वाकला. बानाबाईच्या पदराखालनं त्यानं कोकरू ओढून काढलं, त्याचे चारी पाय दाबून पाहिले आणि ते नेऊन कळपात सोडलं. परत आला तोवर रिक्षावाल्यानं आपला रुमाल तिच्या तोंडावर टाकला होता.



अंबिकेनं चित्र मागं घ्यायला लावलं. एका जागी थांबवून अर्जाच्या आपल्याकडच्या प्रतीमागं काहीतरी लिहून घेतलं. मग सुवाच्य अक्षरात सही केली, मॅडमचे आभार मानले, त्यांनी दिलेला पेनड्राइव्ह पर्समध्ये त्या जबाबाच्या कागदाच्या घडीत ठेवला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. शेंद्र्याच्या बसची वाट बघत दोघं झाडाच्या तुकडाभर सावलीत उभी राहिली. अंबिकेनं केस घेतलेल्या वकिलाला फोन लावला. वकील खूश होता, आता सुदर्शन सुटत नाही म्हणाला. फोन ठेवून तिनं पर्सची चेन ओढली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं केरबाला वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून त्यानं तिच्या हातातल्या अर्जाकडं बोट दाखवलं.

"काय लिवलं त्यावर?"

"रिक्षाचा नंबर."

"साक्षीला व्हय? बेस केलंस."

"साक्षीला नाय आबा," ती बसकडं बघत म्हणाली. "आई शेवटाला काय बोलली, ते इचारायचंय त्यास्नी."

बस थांबली. ती चढली.