गर्दी पांगली

“बसा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरी क्रेनवाला उभाच. रिपोर्ट वाईट निघाला तर आजपासून इन्सुलिनची इंजेक्शनं, आणि इंजेक्शनवाल्याने क्रेनवर चढायचं नाही हा कंपनीचा नियम. बावीस वर्षं साठ मीटर उंचीवर काढलेल्या माणसाला गोदामाच्या दारात स्टुलावर बसवणार होते.

सहा महिन्यांपूर्वी याच खोलीत त्याने हुज्जत घातली होती. “इन्सुलिन अंगात आहे म्हणता, मग साखर का वाढते?”

“आहे, पण शरीर त्याचं ऐकत नाही. चरबी फार वाढली की रोगाशी लढणाऱ्या पेशी तिच्यात घुसतात. शत्रू कोणी नाही, तरी लढाई चालू. त्या गोंधळात इन्सुलिनचा निरोप पोचत नाही.”

“म्हणजे बिनकामाच्या?”

“नाही हो, नको तिथे कामसू!”

एरवी त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण हे पटलं. खाली दहा जण हात हलवायला लागले की तोही क्रेन थांबवायचा. इशारा घ्यायचा तो एकट्या सिग्नलवाल्याचा. हा सिग्नलवाला त्याचा सख्खा मेहुणा, जिभेने तिखट.

“दाजी, चरबीतली ही गर्दी तुम्ही जमवलीत, आता तुम्हीच पांगवा,” म्हणत त्याने दाजींची लिफ्ट बंद केली. दाजी शिडीने चढायचे. धापा टाकायला लागले की खालून तळहात दाखवायचा, थांबा. जरा वेळाने बोट आभाळाकडे करून गोल फिरवायचा, म्हणजे वर चला. लोखंड चढवतात तसं त्याने दाजींना सहा महिने चढवलं. घरी ताटावर बहिणीचा पहारा होताच.

“साखर उतरलीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “इंजेक्शन नको. गोळ्या आणि शिडी मात्र सोडायची नाही.”

आता तो मटकन बसला. इतकं हलकं त्याला वजन उतरल्यावरही वाटलं नव्हतं.

बातमी त्याच्या आधी कामावर पोचली होती. तो केबिनमध्ये जाऊन बसला तर खाली सगळे हात हलवत होते, गवंडी, वेल्डर, स्वयंपाकीणबाईसुद्धा. त्याने क्रेन सुरूच केली नाही.

“अरे, हात खाली करा!” मेहुणा ओरडला. “तुमच्यामुळे माणूस खोळंबलाय!”

हात खाली आले. मेहुण्याने बाहीने डोळे पुसले, एक बोट वर केलं आणि गोल फिरवलं.

हूक हळूहळू वर निघाला.