पिटूच्या आईच्या कमरेचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा. दागिन्यातला नव्हे. तो कमरपट्टा, त्याला बायका आरशात न्याहाळतात. मला पदराखाली झाकतात.

जाड कापड, रबर आणि पाठीशी उभ्या लोखंडी पट्ट्या, एवढाच माझा जीव. औषधाच्या दुकानात खोक्यात पडून होतो. एक दिवस एक बाई आली, काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "कमरेचा पट्टा द्या. घट्टातला घट्ट."

"मापाचा घ्यावा लागतो, ताई," दुकानदार म्हणाला.

"मापाचाच द्या. पण घट्ट."

ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची. पहिल्याच दिवशी शेजारच्या मशीनवरची मैत्रीण मला चाचपून म्हणाली, "अगं, कंबर कसलीस की!" सगळी रांग हसली. तीही हसली. हसता हसता तिच्या कमरेतून एक कळ निघाली आणि मांडी, पोटरी करत थेट अंगठ्यापर्यंत गेली. ते फक्त मला कळलं.

दुखण्याचं मूळ मशीनवर नव्हतं, घरी होतं. तिची मुलगी जन्मापासून पायांनी अधू. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला पिटुकली म्हणायचे, तिची झाली पिटू. आता पिटू कॉलेजच्या वयाची, आईपेक्षा उंच, आणि अंगानं भरलेली. वडील ती लहान असतानाच घर सोडून गेले, ते गेलेच. पिटूचं सगळं उचलूनच: पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत पलंगावर. आई वाकायची, पिटू तिच्या गळ्यात हात टाकायची, आणि आई "हं" म्हणून तिला उचलायची. त्या "हं"च्या वेळी मी ताणून ताणून फाटेन असं वाटायचं.

शेवटी तिचा भाऊ तिला मणक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. "मणक्यांमधली गादी सरकलीय, ती नसेवर दाबतेय. ऑपरेशन केलं तर पायातली कळ बहुतेक जाईल. कमरेचं मात्र मी वचन देत नाही."

"आणि नाही केलं तर?"

"बऱ्याच जणांचं वेळ गेला की आपोआप उतरतं. घाई नाही. पण पाऊल लुळं पडायला लागलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर एक दिवसही थांबायचं नाही. सरळ इकडे यायचं."

"ऑपरेशननंतर उचलायला कधी लागू शकते?"

"काय उचलायचंय?"

"मुलगी."

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. "ऑपरेशन करा किंवा करू नका. तिला उचलणं आता संपलं, असं समजा."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "मणक्याला हात लावू देऊ नकोस, ताई. माझ्या ओळखीतला एक जण आडवा झाला तो झालाच." ती घरी गेली, मला आणखी आवळलं, आणि पिटूला उचललं.

लोकांना वाटतं, पट्टा बांधला की पाठ बरी झाली. मी आधार देतो, बरं करत नाही. आणि आवळून घेतलेल्या माणसाला वाटायला लागतं की अजून थोडं झेपेल. ती आज ऑपरेशन करायचं ठरवायची, उद्या मोडायची. पिटूला कुठे ठेवायचं, हा प्रश्न आला की तिचा विचार तिथेच थांबायचा. भावाच्या घरी दोन जिने होते. अपंगांना ठेवून घेणारी संस्था, हा विषय त्यानं एकदाच काढला, तेव्हा ती त्याच्यावर ओरडली होती.

मग तिच्या डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटायला लागली. ती मागे वळायची, चप्पल घालायची, पुढे जायची. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांचे शब्द तिला आठवत होते, हे तिच्या श्वासावरून मला कळायचं.

एका सकाळी न्हाणीघराच्या दारात ते पाऊल उचललंच गेलं नाही. ती पिटूला घेऊन कोसळली. पिटूचं कपाळ उंबऱ्यावर आपटलं. दोघी ओल्या फरशीवर पडल्या होत्या आणि दोघींनाही उठता येत नव्हतं.

"आई, पाऊल कधीपासून असं आहे?" पिटूनं विचारलं.

"काही नाही झालंय."

"तू पाय ओढत चालतेस. मला आवाज येतो. डॉक्टर काय म्हणाले होते?"

आई म्हणाली, "तुला उचलायचं नाही म्हणाले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून तू काय करणार होतीस?"

"ठरवलं असतं," पिटू म्हणाली. कपाळातून रक्त येत होतं, ती ते पुसतही नव्हती. "तुझी पाठ आहे, मान्य. पण उचलतात ते मलाच ना? मला विचारायचं तरी."

शेजारीण आली तोवर दोघींचं ठरलं होतं. म्हणजे पिटूनं संस्थेत जायचं ठरवलं होतं आणि आई रडत होती.

पिटूला संस्थेत सोडून आल्यावर ऑपरेशन झालं. मी भावाच्या मांडीवर पिशवीत होतो. पायातली कळ खरंच गेली. पाऊल मात्र पुरतं परत आलं नाही. "नस फार दिवस दाबली गेली होती. लवकर यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. रागानं नाही म्हणाले, म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

दोन महिन्यांसाठी म्हणून गेलेली पिटू अजून तिथेच आहे. तिथे उचलायला दोघी जणी असतात. आई पाय ओढत कारखान्यात जाते, मोकळ्या पलंगाची चादर बदलते. मी आता सैल पडलोय, कडा उसवल्यात, थोड्या दिवसांचा सोबती आहे. माझं एवढंच मागणं आहे: मला बांधा, पण ज्यांच्यासाठी बांधता त्यांच्यापासून दुखणं लपवायला बांधू नका.

परवा आम्ही पिटूला भेटायला गेलो. आई तिच्या पलंगावर बसली. पिटूनं सवयीनं तिच्या गळ्यात हात टाकले, आणि आई सवयीनं वाकली. दोघी तशाच थबकल्या.

"हे काढ ना," पिटू मला बोट लावून म्हणाली. "टोचतं."

आईनं मला सोडून उशाशी ठेवलं. पिटूनं तिच्या कुशीत डोकं टेकवलं. कुणीही कुणाला उचललं नाही.